धरणाचं कर्ज फिटल्यावर

२०२५च्या नोव्हेंबरात एका सकाळी फोनमधलं गुंतवणुकीचं ॲप उघडलं, तर माझ्या एका शेअरचं नाव बदललेलं होतं. आदल्या आठवड्यापर्यंत तिथे ‘एलेत्रोब्रास’ होतं, आता ‘आक्सिया’. ब्राझीलच्या सगळ्यात मोठ्या वीज कंपनीनं साठ वर्षांचं नाव टाकून नवं घेतलं होतं. मालक मात्र मीच. म्हणजे सात शेअरांचा मालक.

ते सात शेअर मी २०२३ मध्ये घेतले. पहिला बरा बोनस आला होता, अमेरिकेच्या बाजारातून परदेशी कंपन्यांचे शेअर घेता येतात हे नुकतंच कळलं होतं आणि डोक्यात इंजिनिअरचं साधं गणित होतं. जलविद्युत कंपनी आहे, इंधन फुकट आहे, धरणं बांधून झालेली आहेत. खर्च कमी, नफा जास्त. घ्या.

दिवाळीत घरी गेल्यावर हे बाबांना सांगितलं. बाबा वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झाले. शेअरबाजारात त्यांना रस नाही, पण विजेचा विषय निघाला की ते चहाचा कप खाली ठेवतात.

“धरणं कधीची आहेत तिथली?”

“बरीचशी सत्तर-ऐंशीच्या दशकातली.”

“म्हणजे कर्ज कधीच फिटलं असेल. मग वीज स्वस्त झाली का तिथल्या लोकांची?”

मी कंपनीचा नफा बघितला होता, डिव्हिडंड बघितला होता, हे बघितलं नव्हतं.

“नसेल झाली,” बाबा म्हणाले, “तर तुला पैसे कशाचे मिळणार ते शोध.”

हा लेख त्या शोधातून आला आहे.

प्रश्न नेमका काय आहे

कोळशाच्या वीजकेंद्राला रोज खायला लागतं. धरणाचं तसं नसतं. सगळा खर्च सुरुवातीला: भिंत, बोगदे, टर्बाइन आणि ज्यांची घरं-शेतं बुडतात त्यांचं जे काही होईल ते. त्यानंतर तीसेक वर्षं कर्जाचे हप्ते. हप्ते संपले की उरतो तो देखभालीचा खर्च, आणि तो फार नसतो. भिंत मात्र पुढे शंभर वर्षं उभी राहू शकते. म्हणजे कर्ज फिटलेलं धरण ही जवळजवळ फुकट वीज देणारी वस्तू असते.

या फुकटेपणावर तिघं हक्क सांगतात. ग्राहक म्हणतो, इतकी वर्षं बिलातून हप्ते मी भरले. सरकार म्हणतं, नदी माझी, परवाना माझा. भागधारक म्हणतो, जोखीम मी घेतली. एलेत्रोब्रासचे सव्वाशे वर्षांचे ताळेबंद (तिच्या आधीच्या कंपन्यांचे धरून) म्हणजे या तिघांमधल्या भांडणाची नोंदवही आहे. ब्राझीलमध्ये ते इतकं ठळक दिसतं, कारण तिथली बहुतांश वीज नद्यांमधूनच येत आली.

टोरंटोची कंपनी, रिओचे दिवे

सुरुवात एलेत्रोब्रासच्या बरीच आधी होते. १८९९ मध्ये कॅनडातल्या टोरंटोत एक कंपनी नोंदली गेली, साओ पाउलो शहरात ट्राम आणि वीज चालवण्यासाठी. १९०४ मध्ये रिओ दी जानेरोसाठी दुसरी. फ्रेडरिक पिअर्सन हा अमेरिकी इंजिनिअर या उद्योगांमागचा मोठा माणूस. १९१५ मध्ये जर्मन पाणबुडीनं बुडवलेल्या लुसिटानिया जहाजावर तो आणि त्याची बायको दोघंही गेली. लोकांसाठी या कंपनीचं नाव एकच होतं: ‘लाइट’. ट्राम लाइटची, दिवे लाइटचे, गॅस आणि टेलिफोनही लाइटचे. वर्तमानपत्रं तिला ऑक्टोपस म्हणत.

तिच्या करारांत सोन्याचं कलम होतं. दराचा काही भाग सोन्याच्या भावाशी बांधलेला, त्यामुळे ब्राझीलचं चलन घसरलं की बिल आपोआप वाढायचं. चलनाची जोखीम ग्राहकावर, नफा टोरंटोकडे. गुंतवणूकदाराच्या नजरेनं बघितलं तर करार फारच सुंदर होता.

जेतुलिओ वार्गास सत्तेवर आल्यावर हे मोडलं. १९३३ मध्ये सोन्याचं कलम रद्द झालं आणि १९३४च्या जलसंहितेनं धबधबे आणि जलशक्ती राष्ट्राच्या मालकीची ठरवली. जमीन तुमची असली तरी तिच्यावरून पडणारं पाणी तुमचं नाही. वीज काढायची तर परवाना घ्या, आणि दर ठरेल तो मूळ बांधकामखर्चावर.

पण परवाना मिळाल्यावर कंपनीचं वजन किती होतं, ते सांव जुआंव मार्कुस या गावाकडे बघून कळतं. रिओच्या मागच्या डोंगरांत कॉफीच्या पैशावर उभं राहिलेलं हे जुनं गाव. १९३९ मध्ये त्याला राष्ट्रीय वारसा म्हणून संरक्षण मिळालं. पुढच्याच वर्षी ते काढून घेण्यात आलं, कारण लाइटला लाजेस धरणाची उंची वाढवायची होती. लोक हलवले, घरं पाडली, चर्च पाडलं. पाणी मात्र गावाच्या बहुतेक भागापर्यंत चढलंच नाही. आज तिथे कोरड्या जमिनीवर दगडी पाये दिसतात. धरणाच्या खर्चाचा हा भाग कुठल्याच ताळेबंदात लिहिला जात नाही.

बिलात लपलेला भागधारक

१९५४च्या एप्रिलमध्ये वार्गासनं सरकारी वीज कंपनीचं विधेयक संसदेत पाठवलं. २४ ऑगस्टला त्यानं राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यात स्वतःवर गोळी झाडून घेतली. मागे ठेवलेल्या पत्रात ज्या अडवल्या गेलेल्या कामांचा उल्लेख आहे, त्यांत एलेत्रोब्रासचं नाव आहे. एका वीज कंपनीचं नाव राष्ट्राध्यक्षाच्या शेवटच्या पत्रात! कायदा व्हायला १९६१ उजाडलं आणि ११ जून १९६२ रोजी जुआंव गुलार्तच्या काळात कंपनी प्रत्यक्ष सुरू झाली.

पैसा कुठून आणायचा? उत्तर होतं सक्तीचं कर्ज. १९६४ पासून वीजबिलात एक जादा रक्कम लागायची. ती कर नव्हती, ते ग्राहकानं एलेत्रोब्रासला दिलेलं कर्ज होतं, आणि त्याबदल्यात रोखे मिळायचे. १९७७ पासून हे महिन्याला २,००० युनिटपेक्षा जास्त वीज वापरणाऱ्या उद्योगांपुरतं उरलं आणि १९९३ पर्यंत चाललं. परतफेड करताना महागाईची भरपाई किती द्यायची, यावरचे दावे अजून कंपनीचा पाठलाग करत आहेत. कित्येक दशकांपूर्वीच्या बिलांसाठी आजच्या ताळेबंदात अब्जावधी रेआलची तरतूद! माझ्या कामात जुन्या कोडमुळे मागे राहिलेल्या दुखण्याला ‘टेक्निकल डेट’ म्हणतात. हे तर खरंखुरं डेट.

बाबांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे धरण ग्राहकानंच बांधलं की.”

बऱ्याच अंशी हो. बाकीचा पैसा डॉलरमधल्या कर्जाचा. लष्करी राजवटीला प्रचंड धरणांचं वेड होतं. पॅराग्वेबरोबर १९७३ मध्ये करार करून पाराना नदीवर इताइपू उभं राहिलं: आजची क्षमता १४,००० मेगावॅट, यंत्रं २०. त्याच्या जलाशयात १९८२ मध्ये सेते केदास हा जगातल्या सगळ्यात जास्त पाणी वाहून नेणाऱ्या धबधब्यांपैकी एक बुडाला. शेवटचं बघून घ्यावं म्हणून गर्दी झाली, जानेवारीत एक पादचारी पूल तुटला आणि ३२ जण वाहून गेले.

मग ऐंशीचं दशक. डॉलरचं व्याज भडकलं, चलन कोसळलं, महागाई अक्राळविक्राळ झाली. सरकारनं महागाई रोखायला हाताशी असलेलं सोपं हत्यार वापरलं: विजेचे दर दाबून ठेवले. कागदावर वीज कंपन्यांना १० ते १२ टक्के परताव्याची हमी होती, हातात मात्र तूट. १९९३ मध्ये कायदा करून ही हमीही काढली आणि साचलेल्या थकबाकीचा हिशेब एकदाचा मिटवला.

त्या टोरंटोच्या लाइटचं काय झालं, हेही याच काळातलं. १९७९ मध्ये ब्राझील सरकारनं ती ३८ कोटी डॉलरला विकत घेतली. परवाना काही वर्षांत संपणारच होता, मग जुन्या यंत्रांसाठी पैसे का मोजले, अशी टीका झाली. ते पैसे घेऊन मूळ कंपनी कॅनडात परतली. तिचं तेव्हाचं नाव ब्रास्कन, म्हणजे ब्राझील आणि कॅनडा. नंतर तिनं नाव बदललं: ब्रुकफील्ड. २०१६ मध्ये पवईतल्या हिरानंदानीच्या ऑफिस इमारती विकत घेतल्या त्याच ब्रुकफील्डनं. माझी पहिली नोकरी त्यातल्याच एका इमारतीत होती. तीन वर्षं मी ज्या लिफ्टनं वरखाली करत होतो, तिच्या मालकाचा वंश रिओच्या ट्रामपर्यंत जातो हे मला ठाऊकच नव्हतं.

पाऊस न आल्याचं वर्ष

नव्वदच्या दशकात ब्राझीलनं वितरण कंपन्या विकायला काढल्या. रिओची लाइट १९९६ मध्ये पुन्हा खासगी झाली. साओ पाउलो राज्यातली ‘एलेक्ट्रो’ १९९८ मध्ये घेतली एनरॉननं, हो, दाभोळवालीच. विक्री झाली, पण नवी केंद्रं आणि नव्या वाहिन्या मागणीच्या वेगानं आल्या नाहीत. तूट भरायला जलाशय उपसले गेले.

२००१चा पावसाळा कमी पडला तेव्हा आग्नेय भागातले जलाशय साधारण एक तृतीयांशावर होते. १ जूनपासून देशाच्या बहुतांश भागात वीजवापर २० टक्क्यांनी कमी करण्याची सक्ती झाली. महिन्याला १०० युनिटपेक्षा जास्त वापरणाऱ्या घरांना कोटा, ओलांडला तर दंड आणि वीज तोडण्याची ताकीद. लोकांनी जास्तीचे फ्रीज बंद केले, दिवे बदलले, रस्ते अंधारले. फेब्रुवारी २००२ पर्यंत हे चाललं आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत सरकार पडलं. दाभोळचा प्रकल्प बंद पडला तोही २००१च्या मेमध्ये, आणि डिसेंबरात खुद्द एनरॉन दिवाळखोर. विजेच्या बाजाराबद्दल शंका घ्यायला दोन्ही देशांतल्या लोकांना एकाच वर्षी पुरेसं कारण मिळालं.

बाबांचं म्हणणं एकदा करून बघितलं गेलं

सप्टेंबर २०१२. राष्ट्राध्यक्ष दिल्मा रूसेफ टीव्हीवर येऊन म्हणाल्या की वीज सरासरी २० टक्क्यांनी स्वस्त होणार. त्यांचा युक्तिवाद शब्दशः बाबांचा होता: जुन्या धरणांचे पैसे लोकांनी भरून झाले आहेत, आता त्याचा फायदा लोकांना मिळू दे. ज्या परवान्यांची मुदत २०१५ ते २०१७ दरम्यान संपत होती, ते लगेच वाढवून मिळतील. पण यापुढे फक्त देखभालीचा खर्च आणि थोडा मोबदला.

साओ पाउलो, मिनास जेराइस आणि पाराना या राज्यांच्या मालकीच्या कंपन्यांनी आपल्या जलविद्युत केंद्रांसाठी नकार दिला. एलेत्रोब्रास केंद्र सरकारची. तिला नकार देणारा मालकच नव्हता. त्या वर्षात तिच्या शेअरचा भाव निम्म्याहून जास्त उतरला.

पुढचे आकडे असे. तोटा २०१२ मध्ये सुमारे ६.९ अब्ज रेआल, २०१३ मध्ये ६.३ अब्ज, २०१४ मध्ये ३ अब्ज, २०१५ मध्ये १४.४ अब्ज. सगळं खापर दरकपातीवर फोडता येणार नाही. अणुवीज प्रकल्पातला भ्रष्टाचार आणि दुर्गम राज्यांतल्या सहा वितरण कंपन्यांचा तोटा हेही त्यात होतं. त्या सहा कंपन्या २०१८ मध्ये नाममात्र किमतीला विकाव्या लागल्या. २०१६ मध्ये हिशेबाचे कागद वेळेत न दिल्यामुळे न्यू यॉर्कमध्ये या शेअरची खरेदी-विक्रीच काही महिने थांबली होती.

पण ग्राहकाचं तरी भलं झालं का? इथे मी अडखळलो. दरकपातीच्या त्या रचनेत एक कलम होतं: पाऊस कमी पडला तर त्याची जोखीम कंपनीवर राहणार नाही, ती ग्राहकाकडे जाईल. आणि पाऊस कमी पडला. २०१४च्या सुरुवातीला खुल्या बाजारातली वीज त्या वेळच्या कमाल मर्यादेवर, मेगावॅट-तासाला ८२२.८३ रेआलवर, जाऊन थडकली. निवडणूक होईपर्यंत वाढ कर्ज काढून दाबून ठेवली. २०१५ मध्ये घरगुती वीज एका वर्षात सुमारे ५० टक्क्यांनी महागली. वीस टक्के दिले आणि व्याजासकट परत घेतले.

बाबांच्या विचारात चूक होती असं मला वाटत नाही. स्वस्त विजेचा हक्क ग्राहकाचाच होता. पण त्याला हक्कासोबत दुष्काळही देण्यात आला, आणि ते त्याला कोणी सांगितलं नाही.

चाळीस दिवस नव्हे, साठ वर्षं

ऑगस्ट २०१७ मध्ये मिशेल तेमेर सरकारनं एलेत्रोब्रासचं खासगीकरण करायचं म्हटलं आणि शेअर एका दिवसात जवळजवळ ५० टक्के उसळला. त्या दिवशी कुठल्याही धरणात पाण्याचा एक थेंब वाढला नव्हता. वाढली होती फक्त शक्यता: उद्या ही वीज देखभालीच्या खर्चाला न विकता बाजारभावाला विकता येईल.

जून २०२२ मध्ये तसंच झालं. नवे शेअर ४२ रेआलला विकले गेले, एकूण विक्री ३३.७ अब्ज रेआल, आणि सरकारचा बहुमताचा वाटा गेला. कोणत्याही एका भागधारकाला १० टक्क्यांपेक्षा जास्त मतं नाहीत असा नियम घातला गेला. कामगारांना त्यांच्या भविष्य निधीतले पैसे यात घालायची मुभा होती, त्यासाठी ६ अब्ज रेआल राखले होते. सगळं पार पडलं तेव्हा कंपनीला साठ वर्षं पुरी होत होती.

मेख परवान्यात होती. धरणांचे परवाने नव्यानं ३० वर्षांसाठी दिले गेले आणि स्वस्त कोट्यातली वीज दरवर्षी २० टक्के या गतीनं, २०२३ ते २०२७ दरम्यान, बाजारात न्यायची मोकळीक मिळाली. बदल्यात कंपनीनं सुमारे २५ अब्ज रेआल सरकारी तिजोरीत भरले आणि आणखी सुमारे ३२ अब्ज पंचवीस वर्षांत दर सौम्य ठेवण्याच्या निधीत द्यायचे ठरले. म्हणजे तिघांचं भांडण असं मिटलं: तिजोरीला रोख, ग्राहकाला हप्त्यानं, आणि उरलेलं भागधारकाला. माझ्या सात शेअरांचे पैसे इथून येतात. बाबांना उत्तर मिळालं.

संसदेनं या कायद्यात ८,००० मेगावॅटची गॅसवरची केंद्रंही घुसवली, तीही जिथे गॅसच्या वाहिन्या नाहीत अशा भागांत. अशा घुसवलेल्या कलमाला ब्राझीलमध्ये ‘जबुती’, म्हणजे कासव, म्हणतात. कासव झाडावर चढत नाही. दिसलंच तर कोणीतरी ठेवलेलं असतं.

लुला परत आल्यावर सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं: आमचे शेअर ४० टक्क्यांच्या वर आणि मतं १० टक्के? २०२५ मध्ये तडजोड झाली. मर्यादा तशीच राहिली, सरकारला दहापैकी तीन संचालक मिळाले.

मग आता पुढे?

मित्र विचारतात, घेऊ का? मी सल्लागार नाही. पण हा इतिहास वाचल्यावर काय बघायचं ते बदललं.

एक, पाऊस. २०२१ मध्ये नव्वद वर्षांतला सगळ्यात वाईट दुष्काळ पडला होता. दोन, सूर्य. छपरांवरच्या सौरऊर्जेमुळे आता दुपारी वीज इतकी होते की पवन आणि सौर केंद्रांना उत्पादन कमी करायला सांगावं लागतं, आणि संध्याकाळी तीच वीज महाग. अशा वेळी पाणी अडवून ठेवून सातला सोडता येणारं जुनं धरण म्हणजे फुकट मिळालेली बॅटरी. त्याची किंमत वाढतेच आहे. तीन, जाळं. १५ ऑगस्ट २०२३ रोजी सेआरा राज्यातली एक वाहिनी बंद पडली. ती एलेत्रोब्रासच्याच उपकंपनीची होती. त्या एका धक्क्यानं रोराइमा सोडून सगळ्या राज्यांत वीज गेली. रोराइमा वाचलं कारण ते तेव्हा जाळ्याला जोडलेलंच नव्हतं. तपासात निघालं की काही पवन-सौर केंद्रं त्यांच्या संगणकीय मॉडेलमध्ये जशी वागायची तशी प्रत्यक्षात वागली नाहीत. माझ्या पेशातल्या प्रत्येकानं ते वाक्य भिंतीवर लावावं.

आणि चार, लोकांचा संयम. रिओच्या लाइटनं २०२३ मध्ये सुमारे ११ अब्ज रेआलच्या कर्जापायी न्यायालयाकडून संरक्षण मागितलं. मोठं कारण वीजचोरी. तिकडे त्याला ‘गातू’ म्हणतात, म्हणजे मांजर. आपण म्हणतो आकडा. बाबांनी असे शेकडो आकडे काढले आहेत. ते सांगतात, आकडा काढून खाली उतरलो की त्या घरातली बाई रागावत नसे, फक्त विचारायची, किती दिवसांनी परत येणार?

शेअर मी विकलेले नाहीत. ४२च्या भावाखाली बराच काळ रेंगाळून २०२५ मध्ये ते वर गेले, डिव्हिडंडही आला. सात शेअरांचा डिव्हिडंड म्हणजे फार तर दोघांचं एक जेवण. यंदा ते बाबांना घातलं. मच्छीची थाळी होती. बिल आल्यावर त्यांनी ते हातात घेऊन बघितलं आणि म्हणाले, “हे तिकडच्या कुणाच्या बिलातलं.”

नवे परवाने तीस वर्षांचे आहेत, २०२२ पासून. २०५२ मध्ये ते संपतील तेव्हा मी पंचावन्नचा असेन. धरणं तिथेच असतील, पुन्हा एकदा पूर्ण फिटलेली. तेव्हा हाच प्रश्न कोणीतरी टीव्हीवर येऊन विचारेल, आणि शेअर एका दिवसात कुठल्या तरी बाजूला पन्नास टक्के जाईल.